मावशी, तुला पिरॅमिड येतो का?

शुक्रवारची संध्याकाळ. क्लायंट कॉल नुकताच आटोपलेला, डोक्यात वीकेंडचे बेत, आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. नंबर ताईचा, पण पलीकडे भाचेबुवा. ना हॅलो, ना कशी आहेस.

‘मावशी, तुला पिरॅमिड येतो का?’

पोहायला येतं का, चकली येते का, त्याच चालीवर पिरॅमिड येतो का! मीही तोऱ्यात म्हटलं, ‘येतो की. कधी हवाय?’

‘सोमवारी.’

तर प्रकरण असं होतं. सोन्या (हे घरातलं नाव, खरं छापलं तर माझी धडगत नाही) दुसरीत आहे. वर्गात ‘जगातली आश्चर्यं’ नावाचा प्रोजेक्ट निघाला. चिठ्ठ्या टाकल्या. शेजारच्या बाकावरच्या मित्राला ताजमहाल आला, ह्याला पिरॅमिड. मॉडेल पुठ्ठ्याचंच हवं आणि वर्गासमोर उभं राहून पाच वाक्यं बोलायची. ताईच्या ऑफिसात ऑडिट चालू, भावजी टूरवर. मग राहतं कोण? लग्न झालेलं नाही म्हणजे शनिवार-रविवार रिकामीच असणार, असा अख्ख्या खानदानाचा ठाम समज असलेली मावशी.

खरं सांगते, मला ते तासाभराचं काम वाटलं होतं. रात्रीच पाच वाक्यं मनात तयार केली. पिरॅमिड इजिप्तमध्ये आहेत. ते राजांनी बांधले. गुलामांनी दगड ओढले. आत ममी असते. ते जगातलं एक आश्चर्य आहे. पाच बुलेट पॉइंट, विषय संपला. आपण काय, रोज असल्या पीपीटी पाडतो.

शनिवारी सकाळी पुठ्ठा, फेव्हिकॉल, कटर घेऊन ताईकडे पोचले. ताई निघण्याच्या गडबडीत होती. दारातच तिने मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, ‘हे बघ, ममीबिमी फार खोलात जाऊ नकोस हं. उगाच बाबांचा विषय नको.’

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमचे बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. आमचं लहानपण ‘बाबा कुठेत?’ आणि ‘साइटवर’ ह्या दोन वाक्यांत गेलं. कालव्याची साइट, धरणाची साइट, दोन-दोन महिने गायब. २०२२ च्या पावसाळ्यात बाबा गेले तेव्हा सोन्या चार वर्षांचा होता. हॉस्पिटल, धावपळ, घरात माणसं. त्याला शेजारी पाठवलं होतं. परत आल्यावर त्याने विचारलं, ‘आजोबा कुठेत?’ आणि ताईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, ‘लांबच्या साइटवर गेलेत.’ नंतर सांगू, मोठा झाल्यावर सांगू, असं करता करता ते राहूनच गेलं. आम्ही सगळेच त्यात सामील होतो. मीसुद्धा.

असो. तर आम्ही कामाला लागलो.

आधी विद्यार्थ्याचं पूर्वज्ञान तपासलं. ‘पिरॅमिड म्हणजे काय, सांग बरं?’ तर म्हणाला, ‘आजीच्या टीव्हीवर आहे तो.’ आठवला ना? वास्तुदोष घालवणारा, खाली नऊ खोके असलेला प्लॅस्टिकचा पिरॅमिड! एके काळी प्रत्येक घरात टीव्हीवर नाहीतर तिजोरीत असायचा. ‘आजी म्हणते त्याच्याखाली भाजी ठेवली की सडत नाही.’ म्हटलं, ‘मग आजीने फ्रिज कशाला घेतला, ते विचार.’ दुसरी माहिती चुलतभावाकडून मिळालेली. पिरॅमिड एलियन्सनी बांधले म्हणे.

म्हणजे एकीकडे वास्तू, दुसरीकडे एलियन आणि मधे माझे पाच बुलेट पॉइंट. खरं तर तिन्हींची लायकी सारखीच, पण ते मला तोवर कळलेलं नव्हतं.

खुफू राजाचा गिझाचा मोठा पिरॅमिड करायचा ठरलं. आकडे सॉलिड निघाले. तळाची एक बाजू सुमारे २३० मीटर, मूळची उंची १४६ मीटरच्या वर. मग एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर धरले. तळ २३ सेंटिमीटर, उंची १४.७. चार त्रिकोण कापले, प्रत्येक १४.७ सेंटिमीटर उंचीचा. चिकटवले. आणि समोर जे उभं राहिलं, त्याला पिरॅमिड म्हणायला जीभ रेटेना. दबलेला, बसका, फुंकर मारली तर सपाट होईल असा. पट्टी लावली तर उंची जेमतेम ९ सेंटिमीटर!

तुमच्या लक्षात आलंच असेल. बाजू तिरकी झुकते, म्हणजे त्रिकोण पिरॅमिडच्या उंचीपेक्षा लांब कापायला हवा, १८.६ सेंटिमीटर. नववीतला पायथागोरस. इंजिनियरिंगची डिग्री घेतलेल्या बाईचा पुठ्ठ्याने पार पोपट केला होता. बाबा असते तर कापायच्या आधीच म्हणाले असते, ‘उतार मोजलास का?’

‘मावशी, तू चुकलीस,’ सोन्याने जाहीर केलं. आवाजात आनंद मावत नव्हता.

चूक झाकायला मी पुस्तक उघडलं, आणि तिथे मला माझा साथीदार भेटला. खुफूचे वडील, राजा स्नेफेरू. दहशूरला त्यांनी एक पिरॅमिड बांधायला घेतला. सुरुवातीला उतार चांगला ५४ अंशांच्या आसपास. पण अर्ध्यावर गेल्यावर बहुधा बांधकाम धोक्यात यायला लागलं, तेव्हा वरचा भाग एकदम ४३ अंशांवर आणला. आजही तो पिरॅमिड मधेच कंबरेत वाकल्यासारखा दिसतो. गड्याने हार मानली नाही. शेजारीच दुसरा बांधला, पहिल्यापासूनच ४३ अंशांचा. तो नीट झाला. आणि मग मुलाच्या, म्हणजे खुफूच्या वेळी ५२ अंशांच्या जवळ जाऊन जगातली सर्वांत उंच इमारत उभी राहिली. हा रेकॉर्ड ३,८०० वर्षं टिकला.

सोन्या खूश. ‘म्हणजे राजा पण चुकला?’ सात वर्षांच्या मुलाला ४६ शतकांपूर्वीच्या महान संस्कृतीबद्दल जे आवडतं ते हेच. दुसरा पिरॅमिड आम्ही बरोबर केला. पण पहिला फेकायचा नाही, दोन्ही शाळेत न्यायचे, असं फर्मान सुटलं. ‘हा चुकीचा आणि हा बरोबर, असं सांगणार.’

मग माणसं. ह्या मापात माणूस दीड-दोन मिलिमीटरचा होतो. स्वयंपाकघरात शोध घेतला आणि मोहरी सापडली! मोहरीचा दाणा म्हणजे एक माणूस. पिरॅमिडच्या पायथ्याशी एक दाणा ठेवला आणि आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून त्याच्याकडे बघत राहिलो. त्या दाण्याने तेवीस लाखांच्या आसपास दगड रचलेत, सरासरी अडीच टनांचा एकेक. आमच्या सोसायटीची बारा मजली बिल्डिंग चार वेळा एकावर एक ठेवा, एवढी उंची. क्रेन नाही, लोखंड नाही, आणि ओढायला चाकाची गाडीही नाही.

‘मग ओढले कसे?’

ह्याचं उत्तर गच्चीवर मिळालं. एका इजिप्शियन थडग्यात सुमारे १९०० ख्रिस्तपूर्व काळातलं एक चित्र आहे, म्हणजे खुफूनंतर सहाशेपेक्षा जास्त वर्षांनी काढलेलं. एक अजस्र पुतळा लाकडी घसरगाडीवर ठेवलाय, पुढे माणसांच्या रांगा दोऱ्या ओढतायत आणि घसरगाडीच्या टोकाशी उभा राहून एक जण समोरच्या वाळूवर पाणी ओततोय. बरीच वर्षं हा काहीतरी धार्मिक विधी असावा असं मानलं जायचं. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की, वाळू योग्य तेवढी ओली असली तर ओढायला निम्माच जोर पुरतो. आम्ही ताटात वाळू घेतली, मोबाइलच्या खोक्याचं झाकण घेतलं, त्यात चार बटाटे ठेवले आणि दोरा बांधून ओढलं. कोरड्या वाळूत झाकणापुढे ढीग साचतो आणि गाडी अडते. थोडं पाणी शिंपडलं की सुळकन पुढे! जास्त ओतलं की चिखल, परत अडते. चार बटाट्यांचं इजिप्त तासभर चाललं.

आता आली माझ्या तिसऱ्या वाक्याची पाळी. ‘गुलामांनी दगड ओढले’ असं मी म्हटलं तर लगेच प्रश्न आला, ‘त्यांची नावं काय होती?’ मी म्हटलं, ‘गुलामांची नावं कोण लिहून ठेवणार?’ आणि सवयीने एकदा खात्री करावी म्हणून वाचायला बसले, तर माझे सगळे फंडे कोलमडले. चाबूक, साखळदंड हे सगळं आपण सिनेमात पाहिलेलं. १९९० साली गिझाच्या पिरॅमिडजवळ एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि तिथे कामगारांचं कब्रस्तान सापडलं. राजाच्या पिरॅमिडच्या इतक्या जवळ गुलामांना सन्मानाने कोण पुरतं? हाडांवरून कळतं की, ओझी वाहून पाठी झिजल्या होत्या. पण मोडलेले हातपाय नीट जुळलेलेही होते, म्हणजे कुणीतरी उपचार केले होते. जवळच त्यांच्या वस्तीत बेकऱ्या सापडल्या, गाई-गुरांची, शेळ्या-मेंढ्यांची हाडं सापडली. त्यांना पाव, मांस आणि बिअर मिळायची. आता राजाचं बोलावणं आलं की ‘सुट्टीवर आहे’ म्हणायची सोय नसणारच, त्यामुळे अगदी खुशीचा मामला म्हणता येणार नाही. पण बाजारात विकत घेतलेले गुलामही नव्हेत.

आणि नावं? नावं होती! टोळ्यांनी दगडांवर लाल रंगाने लिहून ठेवलेली. एक टोळी ‘खुफूचे मित्र’. नंतरच्या मेनकौरे राजाच्या पिरॅमिडवर काम करणारी एक टोळी तर चक्क ‘मेनकौरेचे बेवडे’. सोन्या हसून हसून लोळला. हे वाक्य प्रोजेक्टमध्ये घ्यायचंच, असा हट्ट धरला. ताईने संध्याकाळी ते कापलं, हे सांगायला नकोच.

पण मला खरा धक्का दिला तो मेररने. २०१३ मध्ये फ्रेंच संशोधक पिएर तॅले यांच्या टीमला तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पपायरसचे तुकडे सापडले. लिहिलेला इतका जुना पपायरस त्याआधी कधीच सापडला नव्हता. त्यावर काय असेल? मंत्र? राजाची स्तुती? छे. मेरर नावाच्या एका मुकादमाची डायरी. हाताखाली चाळीसेक माणसं, काम काय तर तुरा इथल्या खाणीतले पांढरे चुनखडीचे दगड बोटीने गिझाला पोचवायचे. आज दगड भरले. आज बोट सोडली. आज अमुक ठिकाणी मुक्काम. आज पोचलो. उद्या परत. पिरॅमिडचं कौतुक नाही, कसलं तत्त्वज्ञान नाही. तारखेवार काम, बस्स.

मला ते अक्षर दिसायला लागलं. बाबांची साइट डायरी अगदी अशीच असायची. ‘पाऊस. काम बंद. मजूर २२. सिमेंट ४० पोती आली.’ मी काही बोलले नाही. ताईची सूचना लक्षात होती.

दुपारी जेवून आम्ही पिरॅमिडचा एक त्रिकोण दारासारखा उघडा ठेवून आतली खोली करत होतो. काड्यापेटीची शवपेटी केली. सोन्याने विचारलं, ‘राजा अजून आत आहे?’

‘नाही. ग्रॅनाइटची पेटी आहे, पण रिकामी. झाकणसुद्धा नाही. खुफूची ममी कुणालाच सापडलेली नाही. त्याचा नक्की असा पूर्ण पुतळाही एकच सापडलाय, साडेसात सेंटिमीटरचा. तुझ्या बोटाएवढा.’

‘मग काहीच नाही राहिलं?’

‘बोट राहिली.’ आणि मी बोटीची गोष्ट सांगितली. १९५४ मध्ये पिरॅमिडच्या शेजारी दगडांनी झाकलेला खड्डा सापडला. आत देवदाराची बोट, सुटी करून ठेवलेली, १,२२४ तुकडे. ती जोडायला दहा वर्षांहून जास्त लागली. ४३ मीटर लांब, फळ्या दोरीने शिवलेल्या. आता ती गिझाच्या नव्या मोठ्या म्युझियममध्ये आहे, २०२१ साली तिकडे हलवली.

‘बोट कशाला ठेवली होती?’

‘मेल्यावर राजाला पुढच्या प्रवासाला लागेल म्हणून असावी.’

तो थोडा वेळ काड्यापेटी उघडत-मिटत बसला. मग म्हणाला, ‘पण बोट तर तिथेच होती. म्हणजे तो नाही गेला.’

‘हो. तसंच म्हणायचं.’

‘आजोबा पण साइटवर नाही गेले ना?’

क्लायंटने भर मीटिंगमध्ये गुगली टाकला तर काय करायचं, ह्याचं ट्रेनिंग आम्हाला दिलंय. वेळ मागून घ्या, मुद्दा पार्क करा, मग बघू म्हणा. ते सगळं जिभेवर आलं होतं. पण दिवसभर ह्या मुलाला मी एकेक गोष्ट पुरावा दाखवून सांगत होते. एलियन नाहीत, का नाहीत. गुलाम नाहीत, का नाहीत. आणि आता ह्याच तोंडाने काय सांगणार होते?

‘नाही,’ मी म्हटलं. ‘आजोबा वारले. तू चार वर्षांचा होतास तेव्हा.’

‘मला माहितीये.’

‘कुणी सांगितलं?’

‘कुणीच नाही. त्यांचे साइटचे बूट माळ्यावर आहेत. बूट न घालता कसे जातील?’

मला पुढे बोलताच येईना. जरा वेळाने विचारलं, ‘मग आईला का नाही विचारलंस?’

‘आई रडते.’

म्हणजे तीन वर्षं आम्ही ह्याला जपत होतो, आणि त्यातला किती काळ हा आम्हाला जपत होता, देव जाणे.

मग प्रश्न सुरू झाले, आणि ते अजिबात रडके नव्हते. आजोबांची ममी केली का? नाही, आपल्यात अग्नी देतात. म्हणजे जाळतात? दुखलं का? नाही, मेल्यावर दुखत नाही. मेंदू नाकातून काढतात ते खरं का? हो, इजिप्तमध्ये. मग आजोबांचं काय ठेवलं? इथे मात्र मी अडकले. काय ठेवलं होतं आम्ही? हार घातलेला फोटो, तोही सोन्याला दिसू नये म्हणून बेडरूमच्या कपाटात.

संध्याकाळी ताई आली. मी सगळं सांगितलं. ती माझ्यावर भडकली, ‘तुला बजावलं होतं ना?’ म्हणाली, मग बेसिनचा नळ सोडून बराच वेळ तिथे उभी राहिली. मी गप्प. सोन्या तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, ‘आई, तू रड. चालेल मला.’

रात्री तिने स्वतः स्टूल लावून माळ्यावरून बूट काढले. त्यांच्या मागे ट्रंक होती आणि ट्रंकेत बाबांच्या डायऱ्या, वर्षवार, सुतळीने बांधलेल्या. रविवारची अख्खी सकाळ आम्ही तिघं त्या वाचत होतो. एका पानावर लिहिलं होतं, ‘मजूर १७. खडी आली. नात्याने मोठा दिवस, मुलगी झाली. दुपारनंतर काम चालू.’ ती मुलगी म्हणजे मी. चाळीस माणसांचा मेरर घरी काय ठेवून बोटीवर चढत असेल, हे त्याने लिहिलं नाही. बाबांनी एक ओळ का होईना, लिहिली.

आपण लहान मुलांना पिरॅमिड शिकवतो म्हणजे बहुतेक वेळा उंची, दगडांची संख्या आणि ममीची भीती शिकवतो. तो आहे कबर, आणि बांधणारे आहेत मुकादम, गवंडी, खलाशी, स्वयंपाकी. मृत्यू आणि मजूर, हे दोन्ही आपण गाळून टाकतो आणि उरलेल्या त्रिकोणाला आश्चर्य म्हणतो. मुलांना खरं तर त्या गाळलेल्या भागातच जास्त रस असतो. निदान आमच्याकडच्या एकाला तरी होता.

सोमवारी त्याने बोललेली पाच वाक्यं अशी : ‘पिरॅमिड म्हणजे राजाची कबर. राजाच्या बाबांचा पिरॅमिड आधी वाकडा झाला, मग जमला. मेरर नावाच्या माणसाने बोटीतून दगड आणले आणि डायरी लिहिली. ओल्या वाळूवरून दगड पटकन सरकतो. माझे आजोबा पण साइटवर डायरी लिहायचे, ते वारले.’

मॅडमनी वहीत शेरा दिला, ‘छान. मॉडेलची नीटनेटकी मांडणी हवी.’ मोहरी वर्गभर सांडली होती म्हणे.

त्याच संध्याकाळी परत फोन.

‘मावशी, ताजमहाल पण कबरच आहे ना?’

‘हो रे.’

‘माझ्या मित्राला माहीतच नाहीये. त्याला वाटतं राजवाडा आहे. सांगू का?’

म्हटलं, ‘सांग. पण आधी त्याला विचार, तुला काय वाटतं म्हणून.’